दाराच्या तळाची भोके

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजाकडे हत्ती असत आणि एखाद्या हौशी माणसाकडे मोटारही असे, तेव्हाची ही गोष्ट. हत्ती आणि मोटार एकाच काळी कसे, हे मला विचारू नका. मला ज्याने ही गोष्ट सांगितली त्याला मीही तेच विचारले होते, तर तो म्हणाला, "गोष्ट ऐकायची आहे की भांडायचं आहे?" मी ऐकली. लहानांनो आणि थोरांनो, तुम्हीही ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथे पाऊस असा पडे की चार महिने दोरीवरचे धोतर वाळत नसे. त्या गावात एक गृहस्थ राहत होता. माणूस भला आणि कामसू, पण त्याला कुठलेही भोक बघवत नसे. कौलातून थेंब आला की हा लगेच छपरावर. उंदराचे बीळ दिसले की त्यात दगड. घमेल्याला चीर गेली की डांबराचा गोळा. "फट दिसली की बुजवावी," असे तो म्हणे, आणि बहुतेक वेळा त्याचे बरोबरच असे. बहुतेक वेळा ज्यांचे बरोबर असते अशा माणसांबरोबर राहणे जरा कठीणच असते, पण त्याच्या बायकोने ते हसत हसत निभावले होते.

बायको बोलकी होती. नवऱ्याला चिमटे काढल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. तिचे माहेर घाटापलीकडे होते आणि तिच्या वडिलांकडे एक छोटीशी, मडक्यासारखी गोल मोटार होती. त्याच मोटारीतून ते तिला लहानपणी जत्रेला नेत आणि त्याच मोटारीतून त्यांनी तिला सासरी पोचवले होते. पुढे ते थकले, मोटार चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. एका शरद ऋतूत वडील गेले. मागे दुसरे कोणी नव्हते, म्हणून ती मोटार बैल जुंपून लेकीच्या अंगणात आणली गेली. जागोजागी तिला गंजाने खाल्ले होते.

बायकोने मोटारीच्या टपावर हात ठेवला आणि ती रडली. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना रडली. तिसऱ्या दिवशी काहीच करत नसताना रडली. गृहस्थाचा तिच्यावर फार जीव होता. त्याला ते पाहवेना.

"पुरे आता," तो म्हणाला. "डोळे पूस बघू. रडून का माणूस परत येतो? मी ही गाडी अगदी नवीकोरी करतो. बाबांच्या वर्षश्राद्धाला तू हिच्यातच बसून माहेरी जाशील."

तिने डोळे पुसले. पण डोळे काही लगेच ऐकत नाहीत. ते पुन्हा भरून आले की तो पुन्हा म्हणे, "पुरे आता." असे होता होता काही दिवसांनी तिचे रडणे थांबले. गळती थांबली, असे मनाशी म्हणून गृहस्थ मोटारीकडे वळला.

आता गंज ही मोठी फसवी गोष्ट असते. वरून तिळाएवढा डाग दिसतो, रंग खरवडला की खाली ताटाएवढा निघतो. गृहस्थाने मडगार्डला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो पत्र्यातून आरपार गेला. त्याने शेजारी टेकवला, तिथेही गेला. कापायचे किती आणि ठेवायचे किती? एक शेजारी म्हणाला, "सगळं कापून काढा." दुसरा म्हणाला, "कापू नका, वरून लांबीचा लगदा भरा, रंग मारा, कुणाला दिसतंय?" तिसरा म्हणाला, "माझ्या मेहुण्याला विचारतो," आणि पुन्हा आलाच नाही. गृहस्थ मोटारीभोवती फेऱ्या मारू लागला. मोटार कुठे संपते आणि गंज कुठे सुरू होतो हेच त्याला कळेनासे झाले.

शेवटी त्याने स्वतःच एक नियम केला. पत्रा चकाकेपर्यंत कापायचे, आणि तेवढ्या जागी नव्या पत्र्याचे ठिगळ झाळून जोडायचे. नियम चांगला होता. मडगार्ड झाली, तळ झाला, डिकी झाली. मग तो दारांकडे आला आणि पुन्हा गोंधळला.

दाराच्या अगदी तळाशी, खालच्या कडेला, भोके होती. छोटी, गोल. कडांना गंज होता खरा, पण एवढा गोल गंज त्याने कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दाराखाली वाकून पाहिले तर तिथेही तशीच, त्याच जागी. त्याने बायकोला हाक मारली.

ती वाकून बघू लागली. "दोन्ही दारांना एकाच जागी? गंजानं काय सुतळी लावून, मापून खाल्लं की काय?"

"मग ही कसली भोकं?"

"मला काय ठाऊक! पण बाबांनी ती कधी बुजवली नव्हती एवढं आठवतं. उलट पाऊस थांबला की खाली वाकून काडीनं काहीतरी उकरत बसायचे तिथं." एवढे बोलून तिने डोळ्यांकडे पदर नेला. तिने नवऱ्याकडे पाहिले, पदर पुन्हा खोचला आणि ती आत गेली.

गृहस्थ बराच वेळ तिथेच बसून राहिला. भोक गंजाचे म्हणावे तर फार नीटस, करणाऱ्याने केलेले म्हणावे तर कशासाठी? चांगल्या दाराला कोण भोक पाडील? पण गोंधळलेला माणूस नवे काही करत नाही, नेहमीचेच जरा जास्त जोराने करतो. त्याने एकूण एक भोक ठिगळ झाळून बंद केले, वरून लांबी भरली, ती घासली आणि रंगाचे हात दिले. दारे बरणीसारखी घट्ट झाली. मोटार अशी चमकू लागली की कोंबड्या तिच्यात आपले तोंड बघून भांडू लागल्या.

मग पावसाळा आला, चार महिने कोसळला आणि गेला. वर्षश्राद्ध जवळ आले. गृहस्थाने अंगणातली मोटार पुसली, बायकोला आत बसवले आणि दार लावले.

डुबुक, असा आवाज झाला.

"काय वाजलं?" तो म्हणाला.

"डुबुक वाजलं," ती म्हणाली. एरवी ती यावर आणखी पाच वाक्ये बोलली असती.

त्याने दार उघडून पुन्हा लावले. डुबुक. त्याने बैठक काढून पाहिली, कोरडी. पेट्रोलची टाकी पाहिली, ठीक. टप पाहिला, तळ पाहिला, बोनेटखाली डोके घातले. कुठे एक थेंब गळत नव्हता. तरी दाराच्या खालच्या भागात रंगाला फोड आले होते. त्याने ते खरवडले, लांबी भरली, रंग दिला. चार दिवसांत पुन्हा फोड आले, आणि या वेळी बोट लावताच पत्रा आत दबला.

घरातही काहीतरी बिनसले होते. बायको रडत नव्हती, पण हसतही नव्हती. भाजीत मीठ नसे, तिला पत्ता नसे. विचारले की "हं" म्हणे. ताटातली भाकरी अर्धीच राही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या तेव्हा गृहस्थ घाबरला. त्याने वैद्यांना बोलावले. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, "ताप नाही, कफ नाही," असे म्हणून चूर्णाची पुडी दिली आणि ते गेले.

एका दुपारी तिने भांडी घासता घासता सांगितले, "मी काही माहेरी येत नाही. श्राद्धाला तुम्ही एकटेच जाऊन या."

"अगं, तुझ्या बाबांचं श्राद्ध! तू नाही येणार?"

"जाऊन काय करू?" ती म्हणाली आणि घासलेलेच भांडे पुन्हा घासू लागली.

गृहस्थ अंगणात आला आणि मोटारीला टेकून खाली बसला. त्याचे डोके पार चक्रावले होते. मोटार गळत नाही, तरी कुजते आहे. बायको रडत नाही, तरी खंगते आहे. जे जे गळत होते ते ते आपण बंद केले, मग चुकले कुठे? त्राग्याने त्याने दारावर डोके आपटले.

"हळू, मालक, हळू," दाराच्या आतून कोणी बोलले. "पिल्लं झोपलीत."

गृहस्थ दचकला. काचेच्या फटीतून एका बेडकाने तोंड वर काढले.

"तू इथे काय करतोस?"

"राहतो," बेडूक म्हणाला. "केव्हापासून तुमचे आभार मानायचे होते. काय विहीर बांधलीत! गार, अंधारी आणि सापाची भीती नाही."

"विहीर? मी तर दार दुरुस्त केलं. सगळी भोकं बुजवली. मग पाणी आलंच कुठून?"

"वरून! जिथून मी आलो तिथूनच. काच वरखाली व्हायची म्हणजे फट राहणारच, आणि फट राहिली की पाऊस आत येणारच. ते काय कुणाला चुकलंय? पूर्वी मात्र आलेलं पाणी खालच्या भोकांतून निघून जायचं. घाटापलीकडची आमची आजी सांगायची, त्या म्हाताऱ्याच्या मोटारीत राहू नका रे, तो काडी घालून भोकं मोकळी करतो, थेंब म्हणून टिकत नाही. तुम्ही मात्र दयाळू. तुम्ही एक थेंब बाहेर जाऊ दिला नाहीत."

गृहस्थ ताडकन उठला. त्याने घरातून टोच्या आणि हातोडा आणला, दाराखाली घमेले सरकवले, "माफ कर रे बाबा," असे बेडकाला म्हटले आणि तळाशी घाव घातला. एक भोक पडले. त्यातून तांबडे, कुजके पाणी धो धो वाहू लागले. घमेले भरले, त्यात बेडकाची पिल्ले वळवळू लागली, घमेले भरून वाहिले आणि पाणी अंगणभर झाले.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. पाणी तिच्या पावलांपर्यंत पोचले.

"अगंबाई, केवढं हे पाणी! कधीपासून होतं आत?"

"मी वाट बुजवली तेव्हापासून," तो म्हणाला.

ती त्या पाण्याकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली आणि "बाबा" म्हणून तिने असा हंबरडा फोडला की शेजारची माणसे दारात आली.

सवयीने गृहस्थाच्या जिभेवर शब्द आला, "पुरे..." पण हातात हातोडा होता आणि दारातून पाणी अजून वाहत होते. त्याने तो शब्द गिळला, हातोडा खाली ठेवला आणि तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. ती रडली, थांबली, पुन्हा रडली. मग बोलू लागली. बाबांच्या हाताला येणारा पेट्रोलचा वास, जत्रेतली शेव, घाटात गाडी बंद पडली की बाबा गाडीची समजूत कशी काढत ते सारे तिने सांगितले. उन्हे अंगणातून सरकून भिंतीवर चढली तरी ती बोलत होती आणि तो नुसता ऐकत होता.

शेवटी तिने पदराने नाक पुसले आणि त्याच्याकडे पाहिले. "आणि काय हो, गंज मापून खातो असं खरंच वाटलं तुम्हाला? एवढे मोठे शहाणे तुम्ही!"

हा चिमटा बसल्यावर गृहस्थाला इतके बरे वाटले की त्याचेच डोळे भरून आले. बेडूक मात्र रागावला होता. घमेल्यासकट त्याला विहिरीवर नेऊन सोडले तरी तो पाठ फिरवूनच पाण्यात उडाला.

दारांचे तळ पार कुजले होते. ते कापून नवे बसवावे लागले, आणि जुन्या पत्र्याशी त्यांचा रंग काही जुळला नाही. या वेळी नव्याकोऱ्या पत्र्याला गृहस्थाने आपल्या हाताने भोके पाडली. प्रत्येक भोकाला त्याच्या काळजात चर्र झाले, पण त्याने ती पाडली.

वर्षश्राद्धाला दोघे त्याच मोटारीतून गेली. घाटात एक अवकाळी सर आली. मोटार जाऊन चिंचेखाली उभी राहिली तेव्हा दोन्ही दारांखालून पाणी ठिबकत होते.

"पाव्हणं," एक म्हातारा म्हणाला, "नवी केलेली गाडी, आन् गळतीया की वो!"

"गळू द्या आजोबा," गृहस्थ म्हणाला. "गळते म्हणूनच टिकेल."

बायको खाली उतरली, चिंचेच्या बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि तिचे डोळे वाहू लागले. गृहस्थाने तिला रडू दिले. त्याने एक काडी उचलली, मोटारीपाशी खाली वाकला आणि दाराच्या तळाची भोके हलक्या हाताने मोकळी करत बसला.

मला गोष्ट सांगणारा उठता उठता एवढेच म्हणाला: आत येणारे पाणी कुणाला चुकत नाही, म्हणून बाहेर जाणारी त्याची वाट कधी बुजवू नये.