दोऱ्याची जागा

“खरं सांगा चाचा, शाखा चुकली तर पुढचं सगळंच चुकतं का?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मिरजेत तंबोरे घडवता घडवता त्यांची दाढी पिकली होती.

सुनयना समोर बसली होती. बारावीत जिल्ह्यात पहिली आलेली. तंबोरा दुरुस्तीचं निमित्त होतं. इंजिनिअरिंगचा पसंतीक्रम उद्या सकाळी भरायचा होता. वडील म्हणत होते कॉम्प्युटर. तिचा ओढा केमिकलकडे.

“आठ जणांना विचारलं. आठ उत्तरं मिळाली.”

“मग नववं कशाला?”

“तुम्ही गोड बोलत नाही म्हणून.”

चाचा गालात हसले.

“एका तंबोऱ्यासाठी मी वीस भोपळे ठोकून बघतो, तेव्हा एक घेतो.”

“म्हणजे निवड महत्त्वाची.”

“हो तर.”

“आणि एवढं बघून घेतलेला मुका निघाला तर?”

चाचांनी तिचा तंबोरा तिच्यापुढे ठेवला. हातात एक बारीक दोरा दिला, तारा टेकतात त्या घोडीकडे बोट दाखवलं.

“घोडीवर, तारेखाली सरकव.”

“नेमका कुठं?”

“छेड आणि ऐक.”

तिनं दोरा सरकवला, तार छेडली. ठक्. पुन्हा सरकवला. ठक्.

“इथं खूण नाही का केलेली?”

“गणितात शंभर ना गं तुला?”

ती चिडली. मग हसली. हसता हसता डोळे भरून आले.

“भीती वाटते हो चाचा. चुकीचं लिहिलं तर…”

चाचांनी लाकडाच्या भुशानं माखलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

तिनं डोळे पुसले. दोरा केसभर हलवला.

आणि तार खुलली. सूर खोलीभर घुमत राहिला.

दोघं तो विरेपर्यंत ऐकत बसली.

मग सुनयनानं घाईघाईनं पेन्सिल उचलली. “थांबा, इथं खूण करून ठेवते. आता ही जागा सुटायला नको.”

चाचांनी तिच्या हातातून पेन्सिल हळूच काढून घेतली, स्वतःच्या कानामागे खोचली.

“उद्या हवा वेगळी असेल, पोरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनयनानं वडिलांना शेजारी बसवून पहिल्या पसंतीला केमिकल भरलं. मग तंबोरा घेतला. तार बसकी लागत होती. तिनं दोरा थोडा सरकवला.