समोरचा गाळा

आजच्यासारखी घाई जगात अजून आलेली नव्हती, अशा काळी एका नगरीत एक बँक होती आणि त्या बँकेत एक खजिनदार होता. बँक लहानशीच, परंतु इमारत दगडी आणि खिडकीला पितळेचे गज. नगरीतले लोक बँकेचा अहवाल कधी वाचीत नसत. ते खजिनदाराचा चेहरा वाचीत. "खजिनदार खिडकीत आहेत ना? मग झाले," असे म्हणून म्हाताऱ्या बायका आपली पुरचुंडी निर्धास्तपणे गजांतून आत सरकवीत.

ह्या खजिनदाराचा एक मित्र होता. तो कल्हईवाला. वर्षाचे आठ महिने तो खांद्यावर भाता टाकून गावोगाव हिंडे, आणि पावसाळ्यात वाटा बंद झाल्या की चार महिने ह्या नगरीत मुक्काम करी. त्या चार महिन्यांत रोज संध्याकाळी खजिनदाराच्या ओसरीवर सारीपाट मांडला जाई, आणि दोघे प्रौढ गृहस्थ लहान मुलांसारखे भांडत.

"दादा, खिडकीत बसून बसून तुमची सोंगटीसुद्धा बसकी झाली. हलू द्या की तिला!"

"आणि तुझी नुसतीच हिंडते. घरात कधी यायची ती?"

हा प्रश्न ऐकला की कल्हईवाला रस्त्यापलीकडे पाही. खजिनदाराच्या घरासमोरच एक रिकामा गाळा होता. तो विकत घ्यावा, तेथे भट्टी लावावी, भाता कायमचा भिंतीशी टेकवावा, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी पंधरा वर्षे तो आपली मिळकत त्या बँकेत ठेवीत आला होता.

"वहिनी," तो आत बघून म्हणे, "गाळा झाला की बाराही महिने तुमच्या हातचा चहा."

"चहा देईन, पण माझी भांडी फुकट उजळून द्यावी लागतील."

"ते मात्र जमायचे नाही. धंद्यात नाते शिरले की कथील पातळ होते!"

खजिनदार ह्यावर हसे. परंतु त्या गाळ्याची वाट कल्हईवाल्याइतकीच तोही पाहत होता. दसरा झाला की ओसरी आठ महिने मुकी होई, आणि ते त्याला वर्षागणिक जड जाऊ लागले होते.

एके वर्षी बँकेच्या अध्यक्षांनी लोकांच्या ठेवी आपल्या मेहुण्याच्या तेलाच्या गिरणीत घातल्या, आणि ती गिरणी बंद पडली. हे बँकेबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. अध्यक्षांनी खजिनदाराला खोलीत बोलावून दार लावून घेतले. "तुम्ही रोजच्याप्रमाणे खिडकीत बसायचे," ते म्हणाले. "चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. तुमच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडले, तर सारी नगरी दारावर येईल. महिन्याभरात सर्व ठीक होईल."

खजिनदाराने मान डोलावली. त्याची स्वतःची पुंजीही त्याच बँकेत होती. तीही त्याने हलवली नाही. ह्यालाच तो आपला प्रामाणिकपणा समजला.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना कल्हईवाला खिडकीशी आला. शेवटची पुरचुंडी त्याने गजांतून आत सरकवली. त्याचे डोळे लकाकत होते.

"दादा, आज रक्कम पुरी झाली. गाळ्याचा मालकही तयार आहे. आता तुम्हीच सांगा, आजच सगळे काढून व्यवहार उरकू, की दसऱ्याचा मुहूर्त धरू?"

इतका सरळ प्रश्न खजिनदाराला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. 'आजच काढ,' एवढे दोन शब्द पुरे होते. परंतु त्याच्या मनात आले, एका मित्राला सांगावे तर बाकीच्यांवर अन्याय होतो. सर्वांना सांगावे तर बँक आजच बसते. हा विचार वरवर पाहता खोटा नव्हता. भित्र्या माणसाला सुचणारे विचार पुष्कळदा खोटे नसतात. ते फक्त सोयीचे असतात.

गजांपलीकडचा चेहरा उत्तराची वाट पाहत होता.

"दसरा बरा," खजिनदार म्हणाला. "साडेतीन मुहूर्तांतला एक. तो कशाला सोडायचा?"

"तुम्ही म्हणता ना? मग झाले!" असे म्हणून कल्हईवाला आनंदाने गेला. जाताना त्याने भट्टीसाठी चार विटा सांगून ठेवल्या.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी बँकेच्या दाराला सरकारी कुलूप लागले आणि कुलपावर लाखेची मोहोर बसली. नगरीत हाहाकार उडाला. अध्यक्ष परगावी निघून गेले. खजिनदाराला मात्र कोणी फारसे बोलले नाही. "बिचाऱ्याचे स्वतःचेही गेले हो," असे लोक म्हणत, आणि ती दया त्याला शिव्यांपेक्षा अधिक झोंबे.

दसऱ्याच्या सकाळी कल्हईवाल्याने भाता खांद्यावर घेतला. 'दसरा बरा' हे जाणूनबुजून म्हटले गेले होते, हे त्याने ओळखले होते; खजिनदाराच्या दारावरून जाताना तो थांबला नाही. त्याने मागे वळून पाहिले ते एकदाच, आणि तेही गाळ्याकडे.

पुढच्या वर्षी पावसाळा आला. कल्हईवाला आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. वाटसरू सांगत की तो नदीपलीकडच्या एका गावी देवळाच्या पडवीत चार महिने काढतो; गुडघे आता दुखतात, तरी हिंडतो. खजिनदार रोज संध्याकाळी पट झटकून अंथरी, दोन्हीकडच्या सोंगट्या मांडी, आणि अंधार पडला की गोळा करून ठेवी.

घरातल्या भांड्यांची कल्हई उडाली. पितळेत ठेवलेले ताक कळकू लागले. दारावरून दुसरे कल्हईवाले ओरडत जात, परंतु खजिनदार त्यांना हाक मारू देईना. अखेर बायकोने भांडी माळ्यावर टाकली आणि मातीच्या मडक्यांत स्वयंपाक सुरू केला.

"अहो, लोक म्हणतील, ह्यांनी कुंभाराशी सोयरीक केली," ती म्हणाली.

"म्हणू देत."

"तो यायचा नाही हो," ती हलकेच म्हणाली. पण दुसऱ्या कोणाला तिनेही हाक मारली नाही.

सातव्या वर्षी, भर उन्हाळ्यात, रस्त्याच्या टोकाकडून ओळखीची आरोळी आली. खजिनदार अनवाणीच धावला. कल्हईवाला वाकला होता, दाढी पांढरी झाली होती. "माझी भांडी आहेत," खजिनदार कसाबसा म्हणाला. कल्हईवाल्याने मान डोलावली आणि अंगणात भट्टी खणली.

कोळसे फुलले, नवसागराचा पांढरा धूर उठला, आणि एकेक पातेले आतून चांदण्यासारखे निघू लागले. खजिनदार समोर बसून होता. अखेर त्याला राहवेना.

"गड्या, माझेही सगळे त्यातच गेले. मी एक पैसासुद्धा काढला नाही."

"जाणून आहे मी, दादा," कल्हईवाला कापसाचा बोळा फिरवीत म्हणाला. "पण तुम्ही उघड्या डोळ्यांनी पाण्यात उतरलात. मला मात्र डोळ्यांवर हात ठेवून उतरवलेत."

खजिनदाराने उजळलेले पातेले उचलून बाजूला ठेवले.

शेवटी उरला मोठा हंडा. कल्हईवाल्याने तो उन्हाकडे धरला, आत पाहिले, आणि खाली ठेवला.

"वहिनी, ह्याला कल्हई करणार नाही. तळाला चीर गेली आहे. वरून चकाकेल, पण पाणी धरणार नाही. मी मजुरी घेऊन निघून गेलो असतो, तर तुम्हांला संध्याकाळपर्यंत कळलेही नसते. तांबटाकडे पाठवा."

खजिनदार त्या हंड्याकडे पाहतच राहिला.

"त्या दिवशी मी एवढेच बोलायला हवे होते," तो म्हणाला.

"हो, दादा. एवढेच."

कल्हईवाल्याने ठरलेली मजुरी मोजून घेतली, कमी नाही, जास्त नाही. वहिनींनी चहा दिला. तो त्याने उभ्यानेच घेतला. ओसरीवर पट अंथरलेला होता. त्याच्याकडे त्याने थोडा वेळ पाहिले.

"एक डाव?" खजिनदाराने विचारले.

"पुढचे गाव लांब आहे. उजेडी पोहोचायला हवे. पाय आता पूर्वीसारखे नाहीत."

त्याने भाता खांद्यावर चढवला. समोरच्या गाळ्यात आता दोरखंडांचे दुकान होते. त्यावरून तो मान खाली घालून गेला. वळणापर्यंत त्याची आरोळी ऐकू येत होती. मग तीही येईनाशी झाली.

त्या दिवसापासून खजिनदाराच्या घरी पुन्हा पितळेच्या भांड्यांत स्वयंपाक होऊ लागला. ओसरीवरचा पट मात्र रोज मांडला जाई, आणि एका बाजूची सोंगटी कधीच हलत नसे.

तात्पर्य: लोक ज्याच्या शब्दावर विसंबतात, त्याने विचारल्या वेळी सत्य सांगावे. त्यांच्याबरोबर आपणही बुडालो, एवढ्याने दडवलेल्या सत्याची भरपाई होत नाही.