भरलेली सिरिंज

"माझं गणित चुकलं कुठे, ते तरी सांगा सिस्टर."

"कुठेच नाही."

"मग मलाच का थांबवलंत? बाकीच्या सगळ्या सोमवारपासून मुलांच्या वॉर्डात चालल्या. प्रणितासुद्धा! तिला तर दशांशचिन्ह दिसलं तरी घाम फुटतो."

"हो ना. दर वेळी दुसरीला विचारून येते बिचारी." थोरवे सिस्टर ट्रे पुसत राहिल्या.

शर्वरीच्या डोक्यात तिडीक गेली. नर्सिंगच्या त्या वर्गात औषधाच्या मात्रेची गणितं तिच्याइतकी झटपट कुणालाच सुटत नव्हती. पण या म्हाताऱ्या ट्यूटरबाईंनी हो म्हटल्याशिवाय वॉर्डाचं दार उघडणार नव्हतं. अडवायचं आणि कारण सांगायचं नाही, ही मोठ्यांची तऱ्हा तिला घरापासून ठाऊक होती.

"घ्या माझी परीक्षा. आत्ताच्या आत्ता."

सिस्टरांनी सरावाचं रबरी बाळ टेबलावर निजवलं.

"आठ किलोचं आहे. किलोमागे पाच मिलिग्रॅम द्यायचं. बाटलीत एका मिलीला चाळीस..."

"एक मिली!" सिस्टरांचं बोलणं संपायच्या आत उत्तर आलं.

"बरोबर."

सिस्टरांनी सरावाच्या बाटलीतलं पाणी सिरिंजमध्ये ओढलं, टिचकी मारून बुडबुडे काढले आणि सिरिंज तिच्यापुढे धरली.

"घे. दे बाळाला."

शर्वरीने बाळाच्या मांडीवरची जागा पुसली. सुई सरळ आत घातली. दट्ट्या हळूहळू दाबला.

"किती गेलं?"

"एक मिली."

सिस्टर पुन्हा ट्रे पुसायला लागल्या.

"एकच ना, सिस्टर?"

"मला काय विचारतेस? सिरिंज तुझ्या हातात होती."

शर्वरीने सिरिंजकडे पाहिलं. दोन मिलीची सिरिंज. रिकामी. दट्ट्या दाबताना अंगठ्याला बराच लांब जावं लागलं होतं, ते तिला आत्ता आठवलं. सिरिंज पूर्ण भरलेली होती.

दुप्पट.

"पण... भरली तर तुम्ही होतीत!"

"हो."

"तुमचा हात चुकेल, असं मला वाटणार तरी कसं? तुमचा एवढा अनुभव..."

"अगं, सकाळपासून माझी एकही गोष्ट पटली नाही तुला. हीच बरी पटली!"

रबरी बाळ छताकडे टक लावून पडलं होतं. शर्वरीला त्याच्याकडे बघवेना.

मग, आजवर कुणापुढे न वाकलेली ती मुलगी दोन पावलं पुढे आली आणि सिस्टरांच्या पाया पडायला खाली वाकली.

सिस्टर तोवर दुसरी सिरिंज भरायला लागल्या होत्या. त्या झटकन मागे सरकल्या.

"ऊठ. खाली काय बघतेस? हात बघ माझे."