चिमाक्काने झाकण उघडलं नाही

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे कोंबडे म्हणे सूर्याला विचारून आरवायचे.

एका डोंगराळ राज्यात काळ्या कोंबड्यांसाठी नावाजलेलं एक गाव होतं. एका वर्षी तिथे रोग आला आणि आठवड्याभरात सगळी खुराडी ओस पडली. उरली फक्त चाळीस अंडी. ती उबवायला एकही खुडूक कोंबडी राहिली नव्हती. ही अंडी नासली, तर काळ्या कोंबडीचं बीच बुडणार होतं.

पाटलाने निम्मी अंडी सावकाराला दिली आणि निम्मी चिमाक्का कुंभारणीला. चिमाक्का पैशाने गरीब, पण जिभेची तिखट.

सावकाराने राजधानीहून पितळी पेटी आणवली. बाहेर मोरांची नक्षी, आत मखमल, खाली उबेसाठी मंद शेगडी. ओलाव्यासाठी त्याने तिच्यात चांदीचा लोटा काठोकाठ भरून ठेवला.

चिमाक्काने घरातलाच एक जुना, जाड रांजण घेतला. तो गरम राखेत बसवला, आत कोंडा अंथरला आणि झाकणाला बोटभर भोक पाडलं. ऊब बघायला ती अंडं पापणीला लावायची. पापणी सुखावली तर ठीक, चटका बसला तर राख मागे ओढायची. पाण्यासाठी तिने एक पसरट परळ ठेवला, त्यात जेमतेम दोन बोटं पाणी.

सावकार हसला. "एवढ्याशा पाण्यानं काय होणार? माझ्या लोट्यात याच्या दसपट आहे."

"पर लोट्याचं तोंड केवढं, सावकार? ओल तोंडातनं वर येती, पोटातनं न्हाई."

सावकाराला ते पटलं नाही. तो रोज पाहुणे बोलवायचा आणि कौतुकाने पेटी उघडून दाखवायचा. चिमाक्का मात्र अंडी फिरवण्यापुरतंच झाकण काढायची. अठराव्या दिवशी तिने फिरवणंही थांबवलं, परळावर ओलं फडकं पसरलं आणि झाकण लावून टाकलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी रांजणातून चिवचिव ऐकू आली. सारा गाव गोळा झाला.

"अक्का, उघड की! गुदमरतील पिल्लं!" पाटील ओरडला.

भीती चिमाक्कालाही वाटत होती. तरी ती झाकणावर हात ठेवून बसून राहिली. "आता उघडलं तर आतली ओल जाईल, आन् अंड्याची साल सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटंल. दम धरा जरा."

तेवढ्यात सावकार धापा टाकत आला. "अक्का, माझी अंडी तडकलीत, पण पिल्लं बाहेर येईनात! सालीलाच चिकटलीत!"

"लोटा काढा आन् परात ठेवा. कोमट पाणी वता, वर वलं फडकं टाका. आन् त्या पाव्हण्यांना आधी घरी धाडा!"

सावकार आला तसाच पळाला.

दिवस कलताना चिमाक्काने झाकण काढलं. कोंड्यात अठरा काळीभोर पिल्लं धडपडत होती! सावकाराच्या पेटीतूनही सात वाचली. गावाने ढोल वाजवले, पाटलाने चिमाक्काला आपला फेटा बांधला आणि सावकाराने सगळ्यांदेखत तिचे पाय धरले. पुढच्या वर्षी घरोघरी खुराडी भरली आणि पितळी पेटीत सावकारीणबाई लोणच्याच्या बरण्या ठेवू लागल्या.

तात्पर्य: साधन महाग असून भागत नाही, त्याचं मर्म कळावं लागतं आणि मग दम धरावा लागतो.