उलटा माग

कोणे एके काळी, जेव्हा घरांना कुलपं नव्हती पण माणसांना संशय होते, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या कडेने ओढा वाहायचा आणि ओढ्यापलीकडे एक वस्ती होती.

वस्तीतली माणसं छिन्नी-हातोडी घेऊन घरोघर फिरायची आणि बोथट झालेल्या जात्यांना टाकी लावून द्यायची. ती गावापेक्षा रंगाने काळी होती आणि बोलताना वाक्याचा शेवटचा शब्द लांबवायची. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचे पणजोबा डोंगरापलीकडून आले होते. परगावाहून आलेली सून वर्षभरात गावची होते, निदान कामापुरती तरी होते. वस्ती मात्र तीन पिढ्यांनंतरही 'नुकतीच आलेली' होती.

गावाला आठ राखणदार होते आणि त्यांच्यावर एक जमादार. या राखणदारांची माग काढायची एक खास रीत होती. गावात काही चोरीला गेलं की ते जिथून वस्तू गेली तिथे जात नसत. आधी ओढा ओलांडत, वस्तीत जात आणि झोपड्यांच्या दारापासून पावलं मोजत गावाकडे येत. वस्तीतली माणसं रोज कामाला गावातच यायची, त्यामुळे कुणाची ना कुणाची पावलं वस्तीपासून गावातल्या कुठल्याही दारापर्यंत सापडायचीच. ती ज्याची असत, त्याला चावडीपुढच्या उघड्या अंगणात खोड्यात अडकवत. खोडा म्हणजे दोन जाड ओंडके आणि मधल्या भोकांत माणसाचे पाय.

"आजवर आमचा माग एकदाही चुकला नाही," जमादार मिशीवरून हात फिरवत सांगायचा. ते खरंच होतं. तो चुकणार कसा?

एकदा मार्गशीर्षात सरपंचांची शेळी नाहीशी झाली. राखणदार ओढ्यापलीकडे गेले आणि संध्याकाळच्या आत डोमा नावाच्या तरण्या माणसाला घेऊन आले. त्याची पावलं त्याच्या झोपडीपासून थेट सरपंचांच्या दारापर्यंत उमटलेली होती.

"काल त्यांच्या जात्याला टाकी लावायला गेलो होतो जी," डोमा म्हणाला.

"बघा," जमादार म्हणाला, "स्वतःच कबूल करतोय."

सरपंचांची धाकटी सून त्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठली होती. गोठ्यात तिने तुटलेलं दावं पाहिलं होतं. रक्ताचे थेंब, काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा आणि त्याच्या बाजूने पंजे, पुढचे मोठे, मागचे लहान. तिच्या माहेरी रान जवळ होतं. तरसाचे पंजे तिला कळत. तो पट्टा राखणदारांच्या चौकीमागच्या टेकाडाकडे गेला होता. मग गडी उठले, गुरं सुटली आणि सगळं तुडवून गेलं.

तिने सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "तू नवी आहेस. भाकऱ्या बघ."

मग तिने धीर करून सासऱ्यांना सांगितलं. सरपंच वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावला.

"खरं असेल तुझं, सूनबाई," ते म्हणाले. "पण चौकीच्या मागेच तरस राहतं म्हटलं, तर जमादाराने चारचौघांत तोंड कुठे लपवायचं? आठ राखणदारांची आठ घरं आहेत गावात. उद्या ते रुसले तर राखण कोण करील? योग्य वेळी बोलू आपण."

"आणि तो माणूस, मामंजी?"

"त्याला कोण मारतंय? बसलाय."

चार दिवसांनी डोमाची बायको सोनकी चावडीवर आली. तिच्या मागे अख्खी वस्ती होती. तिने गावसभा मागितली. आजवर वस्तीने असं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हेच कुणाला सुचेना. सभा भरली. गाव ओट्यावर बसलं, वस्ती पायऱ्यांखाली उभी राहिली. बायका पडवीत. मधोमध खोड्यात डोमा.

सोनकी म्हणाली, "माझं एकच मागणं आहे. माग गोठ्यापासून काढा. गोठ्यापासून काढलेला माग माझ्या दारी आला, तर मी स्वतः त्याचे पाय खोड्यात घालीन."

"ऐका!" जमादार हसला. "छिन्नी चालवणारी बाई मला माग शिकवतेय."

"शिकवत नाही दादा. विचारते. शेळी गोठ्यातून गेली ना? मग तुम्ही माझ्या चुलीपासून का निघता?"

ओट्यावर कुणीतरी खोकलं. एक म्हातारा म्हणाला, "वस्तीतली माणसं चांगलीच आहेत हो. माझ्या घरी तर ताकसुद्धा पितात. पण चोरी झाली की आधी तिकडे बघून घेतलं म्हणजे मनाला बरं वाटतं."

"कुणाच्या मनाला?" सोनकीने विचारलं. म्हातारा आपलं उपरणं झटकू लागला.

शाळेचे पंतोजी म्हणाले, "कुणाला का पकडलं, एवढं तरी लिहून ठेवावं."

"लिहिणार कोण?" जमादार म्हणाला. "लिहिता आलं असतं तर आम्ही पंतोजी झालो नसतो? राखणदार कशाला झालो असतो?" सगळे हसले. पंतोजीही हसले आणि खाली बसले.

मग सगळ्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी डोमाकडे पाहिलं, मग जमादाराकडे, मग एकदा पडवीकडे. पडवीत सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या ओठांवर वाक्य तयार होतं. शेजारी सासू होती. वाक्य तिथेच राहिलं.

सरपंच उठले. "वस्तीचं दुःख गावाला कळतं," ते म्हणाले. "सुधारणा व्हायलाच हवी. म्हणून आजपासून राखणदार कुणाच्या दाराला लाथ मारणार नाहीत, कडी वाजवतील. धरून नेताना 'चला जी' म्हणतील. आणि खोड्याच्या भोकांना आतून चिंध्या लावल्या जातील, म्हणजे पाय सोलणार नाहीत."

ओट्यावर माना डोलल्या. असा सरपंच पंचक्रोशीत नाही, असं दोघे-तिघे म्हणालेसुद्धा.

"आणि माग?" सोनकी म्हणाली.

"मागाचं पुढच्या सभेत बघू. संक्रांतीनंतर."

"आणि हा?"

"निर्णय व्हायचाय ना अजून. तोवर त्याला सोडलं, तर निर्णय आधीच झाल्यासारखं दिसेल."

खोड्याला चिंध्या लावल्या. जमादाराने स्वतः लावल्या, मऊ जुन्या लुगड्याच्या. पौष लागला. त्या वर्षी थंडी अशी पडली की सकाळी घागरीतल्या पाण्यात बोट घालवेना. अंगण उघडं होतं. सोनकी रोज गोधडी आणायची. पहाऱ्यावरचे राखणदार 'नको जी' म्हणून परत करायचे, कारण गोधडीचं सभेत ठरलं नव्हतं. डोमाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी राखणदार 'उठा जी' म्हणाले आणि तो उठला नाही.

"आम्ही बोटसुद्धा लावलं नाही," जमादार म्हणत होता. "विचारा कुणालाही."

दहाव्या दिवशी वस्तीने चुली मोडल्या. भर दुपारी सगळी माणसं छिन्न्या-हातोड्या पाठीला बांधून डोंगराच्या वाटेला लागली. गाव दारात उभं राहून बघत होतं. कुणी थांबा म्हटलं नाही. एकीने फक्त विचारलं, "आता आमच्या जात्यांचं कसं?"

महिना गेला आणि आणखी एक शेळी नाहीशी झाली.

राखणदार सवयीने ओढा ओलांडून गेले. रिकाम्या झोपड्यांपुढे उभे राहिले. जमिनीवर पाऊल नव्हतं, नुसता वारा फिरत होता. आठजण एकमेकांकडे पाहू लागले. गोठ्यापासून माग कसा काढतात, हे त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं.

पण माग तर लागायला हवा. ते परत फिरले आणि वेशीजवळच्या शेवटच्या आळीत थांबले. तिथे शेजारगावाहून आलेली चार घरं होती. जमादाराने कडी वाजवली. "चला जी."

त्या घरातला तेली खोड्यात बसला आणि गाव हादरलं. तेली आपला माणूस! सगळे चावडीवर धावले. कुणी सभा मागितलीसुद्धा नाही, ती आपोआप भरली.

तेव्हा पडवीतून सरपंचांची सून उठली. सासूने पदर ओढला, तिने तो सोडवून घेतला. "तरस आहे," ती म्हणाली. "चौकीमागच्या टेकाडात. आमच्या गोठ्यात मी त्याचे पंजे पाहिले होते."

जमादार काही बोलायच्या आत सरपंचही उठले. त्यांना वाटलं, हीच ती योग्य वेळ. "सूनबाई खरं सांगतेय," ते म्हणाले. "मलाही ठाऊक आहे."

खोड्यातल्या तेल्याने मान वर करून विचारलं, "केव्हापासून?"

सरपंच पागोटं सारखं करू लागले. सून खाली बघत राहिली.

त्या दिवशी पहिल्यांदा माग गोठ्यापासून निघाला. वाट सूनबाईने दाखवली. टेकाडाला पोहोचायला त्यांना पान खाऊन होईल एवढाही वेळ लागला नाही. कपारीत हाडांचा ढीग होता. सरपंचांच्या शेळीच्या गळ्यातली घंटा होती. गेल्या कितीतरी वर्षांच्या घंटा होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकीसाठी वस्तीतलं कुणीतरी खोड्यात बसून गेलं होतं.

सभेने नवा नियम केला: माग जिथे नुकसान झालं तिथूनच निघेल. एकही हात विरोधात उठला नाही. जमादाराचाही नाही.

सरपंच स्वतः डोंगर ओलांडून गेले. तीन दिवस चालल्यावर त्यांना वस्तीची नवी पालं दिसली. सोनकी एका जात्यावर वाकून टाकी लावत होती. सरपंच पागोटं काढून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुझा नवरा निर्दोष होता. गावाने मान्य केलंय."

सोनकीने छिन्नी थांबवली.

"हे सांगायला एवढा डोंगर चढलात?" ती म्हणाली. "मला तर ते ठाऊकच होतं."

आणि ती पुन्हा दगडावर वाकली. सरपंच बराच वेळ उभे होते. त्यांना बसा कुणी म्हटलं नाही.

तात्पर्य: चोर शोधायला निघताना पहिलं पाऊल कुठे पडतं, तिथेच न्याय ठरतो, आणि ते चुकीचं पडताना पाहून जो योग्य वेळेची वाट बघत बसतो, त्याची वेळ येते तेव्हा न्याय मागणारा उरलेला नसतो.