तळहातावरचं पाणी

"...आणि आज तिसऱ्यांदा पाणी सांडलं त्यानं. आता त्याला मठाची पायरी चढू द्यायची की नाही, तेवढं सांगा महाराज."

महाराज तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणी सांडलं?"

"लिंबा भोयानं. दुसरं कोण?"

अच्युतपुरीचा आवाज अजून चढलेलाच होता. धरणाच्या फुगवट्याकाठचा हा मठ दारू सोडवणारा मठ म्हणून पंचक्रोशीत ओळखला जाई, आणि सहा वर्षं ते काम अच्युतकडे होतं. दर एकादशीला माणसं यायची. तळहातावर गंगेचं पाणी घ्यायचं, "आजपासून थेंबाला शिवणार नाही" म्हणायचं आणि पाणी सोडायचं. अच्युतबुवांनी किती संसार सावरले, असं लोक म्हणत. अलीकडे अच्युतही तसंच म्हणू लागला होता.

एक लिंबा तेवढा त्याच्या हाताला लागत नव्हता.

"सांडलं म्हणजे कसं?"

"पाणी ओतायला गेलं की हात मागं घेतो. दोनदा सोडून दिलं. आज मनगट धरलं आणि ओतलंच. दोनशे माणसांसमोर. तर असा किंचाळला... मला ढकलून पळाला. त्याला शपथ घ्यायचीच नाही."

"पाण्याला भितो का रे तो?"

अच्युत हसला. "भोई आणि पाण्याला भिणार? तेरा वर्षांमागं नाव उलटली, तेव्हा बुडालेल्या सतरा जणी यानंच तळातून काढल्या. गावानं शाल-नारळ दिला त्याला."

"मग?"

"मग काय? दारूला लागला."

महाराजांचा हात सुपातच थांबला.

"नारळ दिला ते ठाऊक. दारूला लागला ते ठाऊक. मधलं कधी विचारलंस?"

अच्युतनं नकारार्थी मान हलवली.

"विचारून ये. त्याला नको. त्याच्या बायकोला विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी अच्युत भोईआळीत गेला. लिंबाच्या घराचं दार बंद होतं. आतून कडी घातलेली. लिंबाची बायको कौतिका ओट्यावर बसली होती. तिनं बुवांना पाहून पदर सारखा केला, पण ती उठली नाही.

"लिंबा आहे का घरात?"

"हायेत. तुमचा आवाज आला, आन् कडी घातली."

अच्युतला ते लागलं. तरी तो खाली बसला आणि विचारायचं ते त्यानं विचारलं.

कौतिकानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तेरा वर्सांत तुमी पयले, बुवा. कुनी इचारलंच न्हाई."

मग ती सांगू लागली, "पलीकडच्या गावात बारसं होतं. नावंत समद्या बायाच. पानी गढूळ, डोळ्यानं काय दिसंना. हातानं चाचपायचं. केसं हाताला लागले का धरून वर आनायचं. तीन दिस तेच केलं यांनी. चवथ्या दिवशी न्हानीत तांब्या बुडवाया गेले आन् तसाच टाकून भाईर पळाले. म्हने, बोटात केसं गुतले."

"अजूनही?"

"आजून. बादलीत हात घालत न्हाईत. ताटात हात धुवत न्हाईत. दारू पोटात गेली का मग तांब्या तोंडाला लावतेत. तवर घोटभर पानी जात न्हाई घशाखाली."

"आंघोळ?"

"मी घालायची. डोळे मिटून बसायचे. मी बोलत ऱ्हायची, मी हाय, मीच हाय, म्हनून. माझ्या हातचं तेवढं पानी चालायचं त्यांना." ती बंद दाराकडं बघून म्हणाली, "तुमी काल मनगट धरलं. रातीपासून माझा बी हात लागू देत न्हाईत. वरडत्यात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अच्युतला सोपं गेलं असतं.

तो मठात परतला तेव्हा महाराज ओसरीवर बसले होते. त्यानं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. सांगून झाल्यावर म्हणाला,

"ही शपथ मला शिकवली कोणी, महाराज? तुम्हीच ना?"

"मीच."

महाराज उठले. शपथेचा तांब्या देवघरातून आणला, पाणी अंगणात ओतून दिलं आणि तांब्या कोनाड्यात पालथा घातला.

"उद्या जातो," अच्युत म्हणाला. "लिंबाचे पाय धरतो."

"हात धरून झाला. आता पाय धरणार?"

"मग करू तरी काय?"

"त्याच्या घरासमोर लांब बसायचं. रोज, दिवसाउजेडी. बोलायचं नाही. जवळ जायचं नाही. त्यानं बोलावलं तरी एकदम उठायचं नाही."

"बोलावील?"

"नाही."

"मग बसायचं कशाला?"

"तू लांब बसू शकतोस, हे त्याला दिसलं पाहिजे."

अच्युत बसू लागला. भोईआळीत लोक हसले. बुवांनाच दारू लागली वाटतं, म्हणाले. एकादशीला मठात येणारी माणसं दुसऱ्या मठाकडे वळली. महिनाभर लिंबाचं दार उघडलं नाही. पुढं बोटभर उघडलं, मग हातभर. फटीतून लाल डोळे अच्युतकडं बघत राहायचे. अच्युत जागचा हलायचा नाही. उठून जावंसं त्याला रोज वाटायचं. हे आपल्याला का वाटतं, तेही त्याला हळूहळू कळत गेलं: इथं आपण सावरलं असं म्हणायला काहीच नव्हतं.

चार महिन्यांनी तो महाराजांपुढं येऊन उभा राहिला. उन्हानं रापलेला, अंगानं अर्धा झालेला.

"महाराज, आज लिंबा अंगणात आला. मी समोर दिसत असताना दगडावर बसला. डोळे मिटले. कौतिकानं एक तांब्या पाणी ओतलं खांद्यावर."

"ओरडला?"

"नाही. रडला. मग तिनं दुसरा ओतला..."

अच्युतचे डोळे भरून आले होते. पण त्याच्या ओठाशी आलेलं अजून संपलं नव्हतं. ते सहा वर्षांच्या सवयीनं बाहेर पडलं.

"पण दारू काही सुटली नाही, महाराज. आंघोळ झाली आणि लगेच बाटली काढली त्यानं. एवढे चार महिने बसलो मी. मग बरं काय झालं?"

महाराज फुगवट्याच्या पाण्याकडं बघत होते.

"तू दिलेलं दुखणं बरं झालं," ते म्हणाले. "त्याचं अजून तसंच आहे."