पळालेली पेशी

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून खरवंडीकर सर परीक्षक म्हणून आले आणि अख्ख्या वर्गाची बोबडीच वळली. कारण सर भारी तापट, आणि त्यांनी एकदा शून्य दिलं की वर्ष गेलंच म्हणून समजा.

वृंदा ठोंबरेने कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली छान लावला होता. वहीत तिने विटा रचाव्यात तशा लांबट पेशी काढल्या होत्या. सरांनी भिंगाला डोळा लावला आणि ते कडाडले, "अगं, ही जाड काळ्या भिंतीची गोल पेशी कोण काढणार, तुझे आजोबा? सगळ्यांत मोठी तीच तर आहे! काढ, नाहीतर शून्य!"

वृंदाने वाकून पाहिलं. तो हवेचा बुडबुडा होता. पण तसं तोंडावर सांगितलं असतं, तर सरांनी शून्यच हातावर ठेवलं असतं.

"काढते की, सर," ती गोड आवाजात म्हणाली. "फक्त तिचं केंद्रक कुठं आहे तेवढं दाखवता?"

सर पुन्हा वाकले. "असेल कडेला कुठंतरी. काच जरा दाब बघू."

वृंदाने वरच्या काचेवर सुईचं टोक अलगद दाबलं. गोल पेशी तुरुतुरु काठाशी गेली आणि गडप झाली.

"अगं, पेशी कुठं गेली?" सर ओरडले.

"हवेत, सर. तिथूनच आली होती."

सरांनी चष्मा काढून पुसला, विटांच्या चित्रावर मुकाट्याने बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुलीला हाक मारली.